चहाडी आणि तक्रार

"चिडवलं म्हणून कुणी कुणाच्या हातात कर्कटक खुपसत नाही," मामा म्हणाले. "खुपसणाऱ्याच्या मनात ते आधीच असतं. चिडवणं हे त्याला मागाहून सापडलेलं कारण."

दिवाळीच्या सुट्टीत कराडजवळच्या आजोळी गेले होते. सोप्यात भुईमुगाच्या शेंगांचा ढीग, मधे सूप, आणि त्याच्या दोन बाजूंना शेंगा फोडत बसलेले आम्ही दोघं. मामांची ३१ वर्षं माध्यमिक शाळेत गेली, त्यातली शेवटची ११ हेडमास्तर म्हणून. मी नऊ वर्षं एका शाळेत समुपदेशक आहे. आमचा एकमेकांवर जीव आहे, आणि या एका विषयावर आमचं कधी पटलेलं नाही.

कर्कटकाची गोष्ट मीच काढली होती. माझ्या शाळेतला नववीतला मुलगा. वडील आठवडी बाजारात सुकट-बोंबील विकतात. सहावीत कुणीतरी त्याला 'सुकट' म्हटलं आणि ते नाव त्याला चिकटलं. तो वर्गात आला की नाकाला रुमाल, तो बाकावर बसला की शेजारचा कडेला सरकणार, मधल्या सुट्टीत त्याच्या डब्याभोवती माश्या हाकलल्याचं नाटक. तीन वर्षं. हा मुलगा प्रत्येक वही वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून दप्तरात ठेवायचा. तास सुरू झाला की गाठ सोडायची, तास संपला की बांधायची. बाईंना वाटायचं, किती नीटनेटका मुलगा आहे. त्यांनी वर्गासमोर त्याचं कौतुकही केलं होतं.

ऑगस्टमध्ये भूमितीच्या तासाला त्यानं पुढच्या बाकावरच्या मुलाच्या तळहातात कर्कटक घुसवलं. त्या मुलाची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत.

"तुझ्या पोराला तीन वर्षं त्रास झाला, मान्य," मामा म्हणाले. "पण आम्हाला काय कमी चिडवलं? मला पोरं सात वर्षं 'बेडूक' म्हणायची. मी कुणाला भोसकलं?"

"तुम्ही त्यांना काय म्हणायचा?"

"मी पण नावं ठेवायचो की. एकाला म्हैस, एकाला कोयता."

"मग ती चेष्टा झाली, मामा. देणं आणि घेणं. याच्याकडून देणं नव्हतंच."

हा फरक माझा नाही. नॉर्वेतल्या बर्गेनचे डॅन ओल्वेउस यांनी आयुष्यभर याच गोष्टीचा अभ्यास केला. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेला असतो, पुन्हापुन्हा होतो, आणि ज्याला होतो त्याच्या हातात परतवायची ताकद नसते. १९८२ साली उत्तर नॉर्वेतल्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागे शाळेतला छळ असावा असं समोर आलं आणि सगळा देश हादरला. पुढच्याच वर्षी सरकारनं देशभर मोहीम सुरू केली. ओल्वेउस यांनी बर्गेनच्या ४२ शाळांत काम करून छळ जवळपास निम्म्यावर आणून दाखवला. ही तीन मुलं मला नेहमी आठवतात, कारण छळ सोसणारं मूल बहुतेक वेळा दुसऱ्यावर हात उगारतच नाही. ते स्वतःला संपवतं, शाळा सोडतं, किंवा नुसतंच गप्प होतं.

"बघ, तूच सांगितलंस," मामांनी शेंग माझ्याकडे रोखली. "शंभर पोरं सोसतात आणि एक हत्यार काढतो. मग हत्याराचं कारण चिडवणं कसं? तसं म्हणणं म्हणजे उरलेल्या नव्व्याण्णवांचा अपमान आहे. त्यांनी पण सोसलंच ना? त्यांनी माणुसकी सोडली नाही."

हा मुद्दा मला खोडता आला नाही. आजही येत नाही.

मग त्यांनी गुरगावचं काढलं. ११ डिसेंबर २००७. आठवीतल्या दोन मुलांनी शाळेतच आपल्या वर्गातल्या १४ वर्षांच्या मुलाला गोळ्या घातल्या. पिस्तूल एकाच्या वडिलांचं. पकडल्यावर दोघांनी सांगितलं, तो आम्हाला त्रास द्यायचा, मारायचा. मामा तेव्हा हेडमास्तर होते. "दुसऱ्या दिवशी शिक्षकांची सभा घेतली मी. सगळे एकच बोलत होते, त्या पोरांना किती छळलं असेल! मी म्हटलं, अरे, मेलंय कोण? चौदा वर्षांचं पोर मेलंय. त्याच्या आईबापांच्या दारात अजून मांडव आहे, आणि पेपरात छापून येतंय की तुमचा मुलगा गुंड होता. तो उठून सांगायला येणार आहे का, की मी असं केलं नव्हतं? किंवा केलं होतं, पण मरण्याएवढं नव्हतं?"

शेंगा फोडायचं थांबलं होतं. मामांचा आवाज बसला.

"कारण शोधायला गेलीस की मेलेल्या पोरावर खटला चालतो. हे तुमच्या समुपदेशनात शिकवतात का?"

नाही शिकवत. आणि याच चुकीत मी स्वतः कित्येक वर्षं होते, ते त्यांना सांगून टाकलं. पालकसभेत मी हमखास कोलंबाइनचं उदाहरण द्यायची. २० एप्रिल १९९९, अमेरिकेतल्या कोलोरॅडोतलं हायस्कूल, शेवटच्या वर्षातल्या दोन मुलांनी बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले आणि मग स्वतःला गोळ्या घातल्या. जगभर बातमी गेली ती अशी की खेळाडू पोरांनी छळलेल्या दोन एकट्या पडलेल्या पोरांनी सूड उगवला. मीही तेच सांगायची, आणि पालक हळहळायचे. नंतर पत्रकार डेव्ह कलन यांचं २००९ सालचं पुस्तक वाचलं. दोघांच्या वह्या तपासात सापडल्या होत्या. तयारी वर्षभर आधीपासूनची. जेवणाच्या हॉलमध्ये त्यांनी गॅसच्या टाक्यांचे बॉम्ब ठेवले होते. ते फुटले नाहीत. फुटले असते तर छळणारा, न छळणारा, नवा आलेला, सगळे एकत्र गेले असते. एकाच्या लिखाणात साऱ्या जगाबद्दल तुच्छता, दुसऱ्याच्या लिखाणात स्वतः मरायची इच्छा. दोघांना मित्र होते. त्या शाळेत दादागिरी होती, हेही खरं. ती या दोघांच्या वाट्याला आली होती आणि त्यांनीही दुसऱ्यांच्या वाट्याला दिली होती. अभ्यासकांमध्ये यावर अजून वाद आहे. राल्फ लार्किन यांच्यासारखे समाजशास्त्रज्ञ छळालाच मोठं कारण मानतात. पण मी सांगायची ती सोपी गोष्ट खरी नव्हती.

"आणि गावाचं काय झालं?" मामांनी विचारलं. त्यांना खुनापेक्षा गावात रस होता.

मी त्यांना क्रुसांचं सांगितलं. इलिनॉयहून एक सुतार आला. त्यानं लाकडाचे १५ क्रूस करून आणले आणि शाळेजवळच्या टेकडीवर रोवले. तेरा मारलेल्यांचे, दोन मारणाऱ्यांचे. लोक रांगा लावून फुलं वाहायला येऊ लागले. काही दिवसांत, ज्याचा मुलगा मारला गेला होता त्या एका बापानं टेकडीवर जाऊन ते दोन क्रूस उपटून टाकले. तिथल्याच एका चर्चनं १५ झाडं लावली होती. तिथेही मृतांच्या नातेवाइकांनी येऊन दोन झाडं तोडली.

"बरोबर केलं," मामा लगेच म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी एकही शेंग फोडली नाही. "पण त्या दोघांच्या आया कुठं रडल्या असतील?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनीच मला पेचात धरलं. चिडवण्यामुळे खून होतो हे तूच सोडून दिलंस, मग उरलं काय तुझ्या म्हणण्यात?

उरतो तो एक आकडा, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस आणि तिथलं शिक्षण खातं यांनी मिळून १९७४ ते २००० या काळात शाळांवर झालेल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला. हल्लेखोर ४१, सगळे त्या-त्या शाळेचे आजी-माजी विद्यार्थी. २००२ च्या अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिलं की 'असा मुलगा हल्ला करतो' असा काही साचा नाही. साधारण तीन चतुर्थांश जणांना छळ किंवा धमक्या सोसाव्या लागल्या होत्या, हा पहिला आकडा सगळे सांगतात. दुसरा कुणी सांगत नाही. दर पाचांतल्या चार हल्ल्यांत कुणाला तरी आधीपासून ठाऊक होतं. आणि ते कुणीतरी जवळजवळ नेहमी मित्र, शाळासोबती किंवा भावंड होतं. मोठ्या माणसांपर्यंत ते क्वचितच पोचलं.

"म्हणजे पोरांना माहीत असतं," मामा म्हणाले.

"पोरांना सगळं माहीत असतं. नाव कुणी पाडलं, डबा कुणी सांडला, कुणाच्या दप्तरात काय आहे. सांगत नाहीत, कारण आपण त्यांना सांगू नका असं शिकवलंय. तुमच्या शाळेत काय नियम होता?"

"चहाडी सांगणाऱ्याला आधी दोन छड्या." त्यांनी जराही आडपडदा ठेवला नाही. "आणि त्याचा उपयोग व्हायचा, पोरी. सत्तर पोरांचा वर्ग. सर, यानं पेन घेतलं; सर, त्यानं ढकललं; सर, हा माझ्याकडं बघतोय. दर दोन मिनिटाला एक. शिकवायचं कधी?"

खरं आहे. आमच्या शाळेत छडी नाही, शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. पण 'चहाडखोर' हा शब्द छडीच्या आधीही होता आणि छडी गेल्यावरही राहिला. तो वर्गात बाई वापरतात, घरी आजी वापरते, आणि मुलं एकमेकांसाठी सर्रास वापरतात. मुलाच्या कानावर 'तक्रार' हा शब्द फार कमी पडतो. मी पाचवीच्या वर्गात फरक असा सांगते: दुसऱ्याला मार बसावा म्हणून सांगितली ती चहाडी, कुणाचा तरी त्रास थांबावा म्हणून सांगितली ती तक्रार. दहा वर्षांच्या मुलांना हे चटकन कळतं. अडचण शिक्षकांना येते, कारण दोन्ही एकाच सुरात, एकाच रडक्या तोंडानं येतात, आणि ऐकून घेतल्याशिवाय कोणती कुठली ते कळत नाही.

सांगणं दूरच, मुलं मधेही क्वचितच पडतात. टोरांटोच्या शाळांमध्ये मुलांच्या कपड्यांना छोटे माइक लावून, मैदानावर दुरून कॅमेरे धरून संशोधकांनी तासन्‌तास चित्रण केलं. छळाच्या दहांपैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत आजूबाजूला दुसरी मुलं हजर होती. मधे पडली ती पाचांतल्या एका प्रसंगातसुद्धा नाही. पण जिथे पडली, तिथे निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांत छळ थांबला. दहा सेकंद म्हणजे 'ए, सोड रे त्याला' एवढं म्हणायला लागतो तेवढा वेळ.

"तुझ्या पोरानं कुणाला सांगितलं होतं का?" मामांनी विचारलं.

सांगितलं होतं. सहावीत वर्गशिक्षिकेला. त्या म्हणाल्या, दुर्लक्ष कर, आपोआप थांबतील. दुसऱ्यांदा त्यानं आठवीत सांगितलं, ते मला.

आमच्याकडे तक्रार पेटी आहे, प्रत्येक शाळेत असायला हवी तशी. महिन्यातून एकदा उघडतो. नळाला पाणी नाही, पंखा बंद आहे, अशाच चिठ्ठ्या बहुतेक. त्यात एक निघाली, वहीचं अर्धं पान, चार वेळा दुमडलेलं. नाव नाही, इयत्ता नाही. मधोमध लिहिलं होतं, 'मला खरंच वास येतो का?' मी ती वाचली. अक्षर ओळखीचं वाटलं नाही. दोन-तीन शिक्षकांना दाखवली, त्यांनाही कळलं नाही. मग मी ती फाइलला लावली. ऑगस्टमध्ये त्या मुलाच्या वह्या पिशवीतून काढून पाहिल्या तेव्हा अक्षर जुळलं.

मामांनी मान खाली घातली. "फाइलला लावलीस," एवढंच म्हणाले. मला ते ऐकायचंच होतं, कारण इतर सगळे मला म्हणाले होते, तू तरी काय करणार.

मग कायद्याचा विषय निघाला. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड, आणि तक्रार येऊनही जो संस्थाप्रमुख दुर्लक्ष करेल त्यानं गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं. त्याची आठवण मात्र कॉलेजं आणि वसतिगृहांपुरतीच होते. मामांना हे मुळीच आवडलं नाही. "पोरांनी भांडायचं आणि हेडमास्तरनं कोर्टात उभं राहायचं. मग हेडमास्तर काय करेल? तक्रार कागदावर येऊच देणार नाही." हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून वाद घातला नाही.

आमच्या गावात पुढे जे झालं ते मात्र त्यांना पटकन पटलं, कारण ते गावात राहणारे आहेत. कर्कटक घुसवलं त्याच संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी चाळीसेक माणसं जमली. व्हॉट्सॲपवर पहिला निरोप आला की पोरगं नशा करतं. दुसरा, की त्याच्या दप्तरात सुरा होता. तिसऱ्या निरोपात पोराचं नाव गळालं आणि त्याच्या समाजाचं नाव आलं. गुरुवारच्या बाजारात त्याच्या वडिलांची पाटी कुणीतरी लाथेनं उलथवली, सुकट चिखलात गेली. गणपतीत दोन मंडळांच्या मिरवणुकींच्या मधे पोलिसांची गाडी उभी करावी लागली. दोन पोरांमधली गोष्ट तीन आठवड्यांत दोन आळ्यांची झाली, आणि ज्या दोन पोरांमुळे झाली ती दोघंही तोवर घरात कोंडलेली.

यापेक्षा फार मोठं उदयपूरला झालं. १६ ऑगस्ट २०२४ ला सरकारी शाळेतल्या दहावीच्या एका मुलानं वर्गमित्राला चाकूनं भोसकलं. दोघांचे धर्म वेगळे. त्या संध्याकाळी शहरात गाड्या जळाल्या, दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. दुसऱ्या दिवशी आरोपी मुलाचं कुटुंब राहत होतं ते घर प्रशासनानं बुलडोझरनं पाडलं. ते घर भाड्याचं होतं. मालक साठीचा रिक्षावाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की कुणी आरोपी आहे एवढ्यावरून घर पाडता येणार नाही, आधी १५ दिवसांची नोटीस द्यावी लागेल. निकालाला तीन महिने लागले. भोसकला गेलेला मुलगा तीन दिवसांत गेला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादेत दहावीतल्या मुलाला शाळेबाहेर भोसकलं, तेव्हाही दुसऱ्या दिवशी जमाव शाळेत शिरला आणि तोडफोड झाली.

"लोक असं का करतात ठाऊक आहे?" मामा म्हणाले. "कारण त्यांना वाटतं शाळा लपवणार. पोलीस 'अल्पवयीन' म्हणून सोडणार. आणि शाळा लपवतेच. मी पण लपवलंय. संस्थेचं नाव जाईल म्हणून दोन पालकांना माझ्या खोलीत बसवून चहा पाजून मिटवलंय. मिटलं असं मला वाटायचं."

"मिटत होतं का?"

"त्यातल्या एकाचा धाकटा भाऊ तीन वर्षांनी दुसऱ्याच्या भावाला एसटी स्टँडवर गाठून मारत होता. तेव्हा आठवलं, हे ते चहावालं प्रकरण."

सूप भरलं. मामी येऊन दाणे घेऊन गेली आणि रिकामं सूप परत ठेवून गेली. मला वाटलं, आता ते म्हणतील की तुझं पटलं. ते म्हणाले नाहीत. शिक्षा व्हायलाच हवी, यावर ते ठाम होते. त्या मुलाला पुन्हा त्याच वर्गात बसवायला त्यांचा विरोध होता. माझा नव्हता. यावर आम्ही अर्धा तास अजून भांडलो, त्यातलं इथे सगळं लिहीत नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "त्या सुकटवाल्याच्या पोराला किती वेळा भेटलीस?"

"दर आठवड्याला. अकरा-बारा वेळा."

"आणि ज्याचा हात गेला त्याला?"

मी गप्प राहिले.

"किती वेळा?"

"एकदा. दवाखान्यात."

मामांनी पुढची शेंग फोडली. "सुट्टी संपायच्या आत जाऊन ये."

भाऊबीज झाल्यावर गेले. मुलगा ओट्यावर बसून डाव्या हातानं रबरी चेंडू दाबत होता, डॉक्टरांनी व्यायाम दिलेला. मधली दोन बोटं चेंडूवर वळतच नव्हती, वरच राहत होती. आईनं चहा ठेवला आणि आत गेली, ती दाराआड उभी आहे हे मला कळत होतं. मी काही विचारायच्या आधीच तो बोलायला लागला.

"मी त्याला कधी त्या नावानं हाक नाही मारली, मॅडम. खरंच नाही. सगळे हसायचे तेव्हा हसायचो फक्त."

चेंडू हातातून सुटून पायरीवर गेला. तो उठून घेऊन आला, परत बसला.

"तो परत आला तर कुठल्या बाकावर बसणार?"